वंशभेदाचा सीझन : डिसेंबर ते मार्च

बहारीनमध्ये एसीचा फिल्टर दर शुक्रवारी काढून धुतला, तरी पुढच्या शुक्रवारी त्यात मूठभर धूळ सापडतेच. आमच्या ऑफिसच्या किश्श्यांचं तसंच होतं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही वसईची चार-पाच घरं कोणाच्या तरी फ्लॅटवर जेवायला जमायचो. भात वाढता वाढता कोणीतरी म्हणायचंच, "सिसी, या आठवड्यात काय झालं गो ऑफिसात?" मी सांगायची. सगळे पोट धरून हसायचे. मला वाटायचं, झालं, साठा संपला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मूठभर!

माझा नवरा बस्त्याव म्हणायचा, "लोक गल्फमधून सोनं नेतात, व्हीसीआर नेतात. तू एवढे प्रोफेसर नेणार. कस्टमवाले ड्यूटी कशी लावणार?"

तर आधी ऑफिस सांगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बस्त्याव इथल्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होता, म्हणून लग्नानंतर मीही आले. मराठी शाळेत शिकलेली, पण टायपिंग आणि शॉर्टहँड चोख. मनामातल्या अदलिया भागात एका बसक्या व्हिलात एक अभ्यास केंद्र नुकतंच उघडलं होतं, तिथे सेक्रेटरी म्हणून लागले. युरोपातली काही विद्यापीठं मिळून ते चालवायची. विषय काय? युरोपातला वंशभेद, तिथे येणारे स्थलांतरित, आणि साम्राज्यं गेल्यावर मागे काय उरलं!

आता युरोपचा अभ्यास बहारीनमध्ये का, हा प्रश्न प्रत्येकाला पडायचा. आमचे डायरेक्टर डॉ. पेल्हम, उंच, सडपातळ, सुती सूट घालणारे इंग्रज, ते म्हणायचे, "थोडं अंतर ठेवून पाहिलं की युरोप जास्त स्पष्ट दिसतो."

आमचे अकाउंटंट लिमये, पुण्याचे, ते म्हणायचे, "ऊन!"

लिमयांचं खरं होतं. डिसेंबर ते मार्च आमच्याकडे विषयाला फार जोर यायचा. गेस्ट रूम भरलेल्या, रोज सेमिनार. एप्रिलमध्ये तो जरा सौम्य व्हायचा. जूनमध्ये, पारा चढला की, युरोपातला वंशभेद जवळजवळ संपायचा!

*

पहिल्याच आठवड्यात डॉ. पेल्हमांनी मला एक पेपर टाइप करायला दिला. त्यात एका परिच्छेदात 'एक्सपॅट्रिएट' होतं आणि दुसऱ्यात 'मायग्रंट'. मला वाटलं, एकच शब्द दोन तऱ्हेने लिहिलाय, सरांची चूक. मी विचारायला गेले.

"सर, तुम्ही इथले नाही, मीही इथली नाही. आपल्या दोघांचा व्हिसा एकाच ऑफिसने काढलाय. मग तुम्ही एक्सपॅट्रिएट आणि मी मायग्रंट, यात फरक काय?"

साहेब खुर्चीतून उठले. "सिसिलिया, हा अतिशय महत्त्वाचा प्रश्न आहे!" आणि खरंच त्यांनी तो प्रश्न मनावर घेतला. माणूस प्रामाणिक. तीन दिवस दार लावून बसले आणि त्या दोन शब्दांवर एक तळटीप लिहिली. तळटीप पेपरपेक्षा लांब झाली. मीच टाइप केली. शेवटपर्यंत वाचूनही फरक काही कळला नाही.

लिमये पलीकडे व्हाउचरं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "अहो सिसिलियाबाई, ज्याला इथलं ऊन आवडतं तो एक्सपॅट. ज्याला उन्हात काम करावं लागतं तो मायग्रंट."

"आणि तुम्ही हो, लिमयेसाहेब? तुम्ही तर एसीत बसता."

लिमयांनी चष्मा पुसला. "मी डेप्युटेशनवर आहे."

हे डेप्युटेशन कोणी दिलं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बहारीन सोडेपर्यंत लिमये डेप्युटेशनवरच होते!

*

आमचा ड्रायव्हर अबू जासिम जिदहफ्स गावचा. म्हणजे अस्सल बहारीनी, आजोबा-पणजोबांपासून तिथलाच. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते आणि व्यापारी वर्षाला मुंबईची फेरी करायचा. बापाबरोबर लहानपणी जाऊन जाऊन अबू जासिम असं हिंदी बोलायचा की भेंडीबाजारातला माणूस लाजावा. आमच्याशी तो हिंदीतच बोलायचा. एरवी पांढरा स्वच्छ थोब, म्हणजे अरबी पायघोळ झगा घालायचा, पण ज्या दिवसाची गोष्ट सांगते त्या दिवशी थोब लाँड्रीत होता आणि स्वारी शर्ट-पँटमध्ये आली होती.

पॅरिसहून प्रोफेसर ल्युसियाँ आले होते. बारीक दाढी, गळ्यात रेशमी रुमाल. विषय : 'परदेशातला भारतीय कामगार आणि परतीचं स्वप्न'. त्यांना रस्त्यावरचा अनुभव हवा होता, म्हणून मी आणि अबू जासिम त्यांना बाजार दाखवायला निघालो. गाडीत आम्हा दोघांचं हिंदी चाललेलं ऐकून प्रोफेसरांचे डोळे चमकले. टेपरेकॉर्डर काढला आणि तो पुढच्या सीटवर, अबू जासिमच्या बाजूला ठेवला.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"जन्मापासून," अबू जासिम म्हणाला.

"दुसरी पिढी!" प्रोफेसर माझ्याकडे वळून कुजबुजले. "आणि तुमचे वडील?"

"इथेच जन्मले. आजोबा पण."

प्रोफेसर आनंदाने सीटच्या टोकावर आले. मी सांगायला तोंड उघडलं, तर अबू जासिमने आरशातून मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"इथल्या स्थानिक लोकांनी तुम्हाला आपलं मानलंय का?"

अबू जासिमने जरा विचार केला. "बाकीचे मानतात. बायको कधी कधी नाही मानत."

प्रोफेसरांनी मान हलवली, फार दुःखाने. मग आवाज एकदम मऊ करून त्यांनी मुख्य प्रश्न विचारला. "तुम्ही घरी परत जायचा विचार करता का?"

"रोज करतो!"

"आणि कधी जाणार, असं वाटतं?"

अबू जासिमने घड्याळ बघितलं. "दोन वाजता, इंशाल्ला. ऑफिस सुटलं की."

*

लंडनहून डॉ. क्लाइव्ह येणार होते. इंग्लंडमधल्या शहरांतला वंशभेद हा त्यांचा विषय आणि त्यात त्यांचं नाव मोठं. अबू जासिम रजेवर, म्हणून त्यांना आणायला लिमये स्वतः मुहर्रकच्या विमानतळावर गेले. हातात नावाची पाटी. कोट, टाय, सगळं व्यवस्थित.

विमान आलं. माणसं बाहेर पडू लागली. लिमये प्रत्येक गोऱ्या माणसापुढे पाटी नाचवत होते. एक आजोबा तर वैतागून म्हणाले, "माझं नाव हे नाही, हे मी तुम्हाला दुसऱ्यांदा सांगतोय!" लिमयांच्या पुढ्यात एक उंच, काळा, सुटाबुटातला माणूस बॅग घेऊन उभा होता. लिमयांना पुढचं दिसेना. ते म्हणाले, "प्लीज, थोडं बाजूला. लंडनचे प्रोफेसर येतायत."

तो माणूस बाजूला झाला. अगदी अदबीने.

हळूहळू हॉल रिकामा झाला. उरले लिमये, त्यांची पाटी आणि तो माणूस. मग तो म्हणाला, "मला वाटतं तुम्ही माझीच वाट पाहताय. मीसुद्धा वाट पाहत होतो. म्हटलं, बघू या, किती वेळ लागतो."

लिमयांचा चेहरा त्यांच्या शर्टापेक्षा पांढरा पडला. गाडीत त्यांनी इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी डॉ. क्लाइव्हच म्हणाले, "मिस्टर लिमये, मनाला लावून घेऊ नका. मी ज्या देशात जन्मलो, तिथल्या विमानतळावर याहून जास्त वेळ लागतो."

हे इथे संपायला हवं होतं. पण लिमयांचा आठवडाच खराब होता.

त्यांच्या पुतण्याचं लग्न जमवायचं होतं आणि मुंबईच्या इंग्रजी पेपरात जाहिरात द्यायची होती. लिमयांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. डॉ. क्लाइव्ह झेरॉक्ससाठी माझ्या टेबलाशी आले आणि टाइपरायटरमधला कागद त्यांनी वाचला.

"अरे वा! वधू पाहिजे. सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष आणि..." त्यांचं बोट 'फेअर' या शब्दावर थांबलं. "हे काय?"

लिमये दारातच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

डॉ. क्लाइव्ह अगदी गंभीरपणे म्हणाले, "इंग्रजीत 'फेअर' म्हणजे न्यायी. निष्पक्ष. लग्नाच्या मुलीसाठी अशी अट मी कुठल्याच देशात पाहिली नाही. फार पुढारलेला समाज आहे तुमचा!"

लिमयांनी घाम पुसला. "हो, हो. आमच्या घराण्यात न्यायाला फार महत्त्व आहे."

*

आता मारेका. डॉ. मारेका हॉलंडची. भुरे केस, पायात चामड्याच्या चपला, मन सोन्यासारखं. माझी पुढे जिवाभावाची मैत्रीण झाली, म्हणून हे सांगताना मी जरा कचरते. पण घडलं ते घडलं.

आमच्या ऑफिसात चहा-कॉफी करायला ॲग्नेसमावशी होत्या. आमच्या वसईच्याच. नवरा लवकर गेलेला, दोन मुलींची शिक्षणं या पगारावर चाललेली. मारेकाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "एका माणसाने दुसऱ्याला बसल्या जागी चहा आणून देणं ही साम्राज्याची सवय आहे. मी माझा चहा स्वतः करीन."

केला. दूध उतू गेलं, गॅसचा बर्नर बुजला आणि मावशींना दुपारभर शेगडी घासावी लागली.

मारेका तेवढ्यावर थांबली नाही. तिने डायरेक्टरांना कळकळीने सांगितलं, वसाहतवादावर अभ्यास करणाऱ्या संस्थेत 'टी लेडी' हे पद असणं लाजिरवाणं आहे. डॉ. पेल्हमांना मनापासून पटलं. त्यांनी केंद्राच्या बोर्डाची मंजुरी घेतली, भाषण केलं आणि ते पद रद्द केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीसुद्धा वाजवल्या; इंग्रजी भाषणाच्या शेवटी वाजवतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लिमयांनी समजावून सांगितलं. पद रद्द म्हणजे नोकरी रद्द. नोकरी रद्द म्हणजे व्हिसा रद्द. मावशींना महिन्याच्या आत परत जावं लागणार.

मावशी पँट्रीत स्टुलावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. नुसत्या विचारत होत्या, "पण मी वाईट चहा करायची का गो, सिसी?"

हे मी मारेकाला सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून तरातरा डायरेक्टरांकडे गेली. पण बोर्डाने 'टी लेडी' काढायला मंजुरी दिलेली. तेच पद पुन्हा कसं आणायचं? दोघं डोकं धरून बसले. शेवटी वाट काढली लिमयांनी. "दुसऱ्या नावाने आणू या. संशोधकांच्या पदांपैकी एक रिकामंच आहे."

अशा रीतीने ॲग्नेसमावशी झाल्या 'रिसर्च असोसिएट (रिफ्रेशमेंट्स)'. व्हिसा वाचला. पगारही वाढला, कारण रिसर्च असोसिएटला कमी देता येत नव्हतं!

पण एक घोटाळा झाला. आता रिसर्च असोसिएटला चहा कर म्हणून सांगायचं कोणी? पाहुण्या प्रोफेसरांची जीभच रेटेना. एक दिवस मावशी माझ्या टेबलाशी आल्या, हातात वाफाळता कप. चेहरा त्रासलेला.

"सिसी, तो जर्मन मला कॉफी देऊन गेला. काय करू? साखर कमी आहे."

*

प्रोफेसर ल्युसियाँ पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले. या वेळी परिसंवाद होता, 'स्थलांतरिताचं मौन'. मंचावर पाच वक्ते, पाचही युरोपचे. मागच्या भिंतीशी रेकॉर्डिंगचं मशीन. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लिमये. मशीनला स्वतःचाही माइक असतो हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

परिसंवाद लांबला. बाहेर मावशींचे समोसे मांडून ठेवलेले, दारातून दिसत होते. लिमयांना सर्दी झालेली, भूक लागलेली. ते अधूनमधून नाक ओढत माझ्याशी पुटपुटत होते. मी काय ते हं-हं करत होते.

वर्षभराने परिसंवादाचं पुस्तक आलं. प्रोफेसर ल्युसियाँनी स्वतः सही करून प्रत पाठवली. टेप ऐकताना त्यांना पार्श्वभूमीला एक अनोळखी भाषा सापडली होती. पॅरिसमध्ये कोणाकडून तरी त्यांनी तिचं भाषांतर करवून घेतलं, आणि भाषांतर करणाऱ्याला एक शब्द नीट ऐकूच आला नव्हता. प्रकरणाच्या माथ्यावर, तिरप्या अक्षरांत, कवितेसारख्या ओळी छापल्या होत्या :

सगळं थंड झालं.
हे कधी संपणार, देवालाच ठाऊक.
ते सगळे पुढे जातील,
आपल्या वाट्याला काही उरणार नाही.

आणि खाली : 'एका वृद्ध स्थलांतरिताचा विलाप. बोलताना त्याला हुंदका आवरत नव्हता.'

लिमयांनी दोनदा वाचलं. पुस्तक मिटलं. 

"सिसिलियाबाई," ते म्हणाले, "वृद्ध?"

*

डॉ. पेल्हमांचा हा किस्सा मी बस्त्यावला सोडून खूप दिवस कोणालाच सांगितला नव्हता, कारण त्या दिवसांत साहेबांचे हाल मला बघवत नव्हते.

साहेबांना उतारवयात मुलगी झाली. बहारीनमध्येच, बस्त्यावच्या हॉस्पिटलात. गुलाबी, गुटगुटीत. साहेब तिच्या पासपोर्टसाठी आपल्या देशाच्या कचेरीत गेले. तर त्यांच्या देशाचा कायदा नुकताच बदललेला. देशाबाहेर जन्मलेल्या माणसाचं देशाबाहेर जन्मलेलं मूल आता आपोआप त्या देशाचं होत नव्हतं. आणि साहेब स्वतः जन्मले होते बाहेर! त्यांचे वडील फौजेत होते.

म्हणजे ज्या कायद्यांवर साहेबांनी आयुष्यभर लिहिलं, त्यांतलाच एक थेट मुलीच्या पाळण्याशी येऊन उभा राहिला. साहेब खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. आमच्या लोकांबरोबर. खिडकीपलीकडचा मुलगा त्यांच्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्याने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

आता गंमत बघा. 'मूळचे कुठले' या दोन शब्दांवर साहेबांचं एक अख्खं व्याख्यान होतं. हा प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला दाराबाहेर उभं करणं आहे, असं ते दर हिवाळ्यात सांगायचे. मी ते व्याख्यान किती वेळा टाइप केलंय!

साहेब म्हणाले, "देवळाली."

"कुठे आलं ते?"

साहेबांना सांगावं लागलं. कागद मागितले, आजोबांचे दाखले मागितले, पुन्हा यायला सांगितलं. ऑफिसात आले तेव्हा पार उतरलेले. मी पाणी दिलं. तेवढ्यात लिमये आत आले आणि देवळालीचं नाव ऐकून त्यांना राहवेना. "साहेब, म्हणजे तुम्ही आमचे नाशिककर! आधी नाही का सांगायचं!"

साहेब हसले नाहीत.  मग म्हणाले, "सिसिलिया, पुस्तकाचं चौथं प्रकरण काढ. स्थलांतरितांबद्दलचं. त्यात जिथे जिथे 'ते' लिहिलंय, तिथे 'आपण' कर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मला तो माणूस घरचा वाटला. मी सगळं प्रकरण पुन्हा टाइप केलं. 'आपण घर सोडतो.' 'आपल्याला रांगेत उभं करतात.' 'आपली मुलं कोणाची, हे दुसरेच ठरवतात.'  काय सुंदर झालं होतं ते!

काही महिन्यांनी मुलीचा पासपोर्ट आला. साहेब हवेत होते. सगळ्यांना हलवा वाटला, अबू जासिमला मिठी मारली. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबले.

"सिसिलिया, ते चौथं प्रकरण. पहिल्यासारखं कर."

*

आणि आता माझं.

मारेकाला बायकांवर काम करायचं होतं. घरकाम करणाऱ्या, हॉस्पिटलात आया असलेल्या, आपली मुलं गावी ठेवून इथे दुसऱ्यांची सांभाळणाऱ्या. या बायका तिच्याशी बोलेनात. माझ्याशी बोलायच्या, कारण शुक्रवारी चर्चच्या आवारात आम्ही एकाच बाकावर बसायचो. मग वर्षभर मी बोलले, मी लिहून घेतलं, मारेकाने त्याला आकार दिला. पेपर तयार झाला तेव्हा तिने माझं नाव आधी टाकलं. मी नको म्हटलं, तर माझ्यावरच चिडली. "काम तुझं आहे, सिसिलिया!"

युरोपातल्या एका मोठ्या शहरात परिषद होती. शहराचं नाव घेत नाही, माझी नणंद तिथे राहते. परिषदेचा विषय 'सीमा कोणासाठी?' आम्हा दोघींना बोलावणं आलं. मंचावर बसून मी माझा भाग स्वतः वाचायचा होता!

घरात दिवाळी-नाताळ एकदम आल्यासारखं झालं. मनामाच्या बाजारात एका सिंध्याच्या दुकानात मी लोकरी ओव्हरकोट घेतला. बाहेर ऑगस्टचं ऊन, आणि मी आरशासमोर गळ्यापर्यंत बटणं लावून उभी. घामाने निथळत होते, पण काढवेना. लिमयांच्या बायकोने मफलर विणून दिला. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली. ती मला रोज उभं करून वाचून घ्यायची. "ममा, स्लो. लुक अप. नाऊ स्माइल."

व्हिसाला गेले. खिडकीपलीकडचा ऑफिसर सभ्य होता, आवाजही चढवला नाही.

"परिषद संपल्यावर तुम्ही तुमच्या देशात परत जाल, याचा पुरावा?"

"मी बहारीनला परत येईन. नोकरी इथे आहे. नवरा, मुलगी इथे आहे."

"बहारीन तुमचा देश आहे?"

"नाही. देश भारत."

"मग भारतात परत जाल, याचा पुरावा?"

"पण मी भारतातून जातच नाहीये!"

त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे भारतात तुम्ही राहत नाही, आणि बहारीन तुमचा देश नाही. मग बाई, तुम्ही परत जाणार तरी कुठे?"

एवढी वर्षं याच विषयावरचे कागद टाइप केले. एक वाक्य आठवलं असतं तर शपथ!  पासपोर्ट व्हिसाविना परत मिळाला. बाहेर अबू जासिम गाडी घेऊन थांबला होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "खलास?"

"खलास."

 त्याने वाटेत गाडी थांबवून थंडगार लिंबाचा रस आणून दिला आणि मी रडून होईपर्यंत बाहेर टायर बघत उभा राहिला. चारही टायर ठीक होते.

फोनवर मारेकाचा आवाज संतापाने चढला होता. म्हणाली, "आम्ही गप्प बसणार नाही!" आणि खरंच नाही बसले. परिषदेत त्यांनी मंचावर माझी खुर्ची रिकामी ठेवली. समोर माझ्या नावाची पाटी. पाण्याचा ग्लाससुद्धा. माझा भाग प्रोफेसर ल्युसियाँनी वाचला आणि शेवटी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. मारेका सांगताना रडत होती. "सिसिलिया, तू असायला हवी होतीस!"

मग फोटो आला. खुर्ची छान होती, मखमली पाठीची. परिषदेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो छापला. बस्त्यावने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "पाणी तरी प्यायचंस गो."

पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, ऑफिसात फोन वाजला. परिषदेच्या कचेरीतून एक मुलगी बोलत होती. आवाज गोड, उत्साही.

"यंदाही आम्ही तुमची खुर्ची ठेवतोय! गेल्या वर्षी तिचा फारच परिणाम झाला. लोक अजून बोलतात. फक्त नावाचं स्पेलिंग एकदा तपासून घ्यायचं होतं, पाटीसाठी."

मी स्पेलिंग सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग मी विचारलं, "आणि माझ्या व्हिसासाठी तुमचं पत्र कधी येईल? या वेळी मी लवकर अर्ज करीन म्हणते."

 पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"ओह!" ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला खरंच यायचं होतं?"